तहानंतरचें मौन

युद्ध केव्हां संपलें हें इतिहासाच्या पुस्तकांत तारखेनिशीं सांपडतें. शांतता केव्हां सुरू झाली याची तारीख मात्र सहसा कोठें दिलेली नसते. दोन राष्ट्रांमधील युद्ध असेल तर ही अडचण तितकीशी जाणवत नाहीं. तह होतो, सैन्यें आपापल्या सरहद्दीमागें जातात, आणि शत्रु डोळ्यांआड होतो. यादवी युद्धाची गोष्ट निराळी. तेथें तह झाल्यावर शत्रु परत जातो तो शेजारच्या घरीं. ज्यानें गोठा जाळला त्याच्याच विहिरीवर पाणी भरावयाचें, ज्याच्या हातून भाऊ मेला त्याच्याच मुलाबरोबर आपला मुलगा शाळेंत पाठवावयाचा, असा तो प्रसंग असतो. अशा देशांत टिकाऊ शांतता कशी निर्माण करावी, या प्रश्नावर मुत्सद्द्यांनीं व पंडितांनीं पुष्कळ लिहिलें आहे. पण हा प्रश्न जितका राज्यशास्त्राचा तितकाच वाङ्मयाचाहि आहे, असें आम्हांस वाटतें. कारण कालच्या वैऱ्यास आज कोणत्या नांवानें हांक मारावयाची हें ठरविल्याखेरीज त्याच्याशीं एकत्र राहतां येत नाहीं, आणि नांवें देणें हें वाङ्मयाचें काम आहे.

या दृष्टीनें मोझांबिक देशांतील पोर्तुगीज भाषेचे कादंबरीकार मिया कुतो यांच्या दोन कादंबऱ्यांचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. पहिली ‘तेर्रा सोनांबुला’, म्हणजे ‘झोपेंत चालणारी भूमि’, ही १९९२ सालीं प्रसिद्ध झाली. त्याच सालीं त्या देशांतील यादवी युद्ध संपलें. दुसरी २००० सालची. तिच्या नांवाचा अर्थ ‘रोहित पक्ष्याचें अखेरचें उड्डाण’ असा होतो. दोहोंचीं इंग्रजी भाषांतरें डेव्हिड ब्रुकशॉ यांनीं केलीं आहेत. पहिलींत युद्धाची अखेर आहे, दुसरींत शांततेचा आरंभ. कुतो यांस २०१३ सालीं पोर्तुगीज वाङ्मयांतील श्रेष्ठ समजला जाणारा कामोंइश पुरस्कार मिळाला; त्यांच्या प्रतिभेस आमच्या प्रशस्तिपत्राची गरज नाहीं. आमचा प्रश्न एवढाच कीं, दुभंगलेलें घर पुन्हां सांधण्याच्या कामीं या दोन पुस्तकांनीं काय पाहिलें आणि काय पाहावयाचें राहिलें?

वाचकांच्या माहितीसाठीं थोडा पूर्वेतिहास सांगणें जरूर आहे. गोमंतकाप्रमाणेंच मोझांबिकहि शतकानुशतकें पोर्तुगालच्या अंमलाखालीं होता. फ्रेलिमो या पक्षानें दहा वर्षें सशस्त्र लढा दिल्यावर २५ जून १९७५ रोजीं तो स्वतंत्र झाला. पण स्वातंत्र्यास दोन वर्षें होतात न होतात तोंच रेनामो नांवाची बंडखोर संघटना उभी राहिली. शेजारच्या ऱ्होडेशियांतील गोऱ्या सरकारच्या हेरखात्यानें तिला जन्म दिला, आणि १९८० सालीं ऱ्होडेशियाचें झिंबाब्वे झाल्यावर दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेष्ट्या सरकारनें तिला पोसलें. तिनें शाळा, दवाखाने, आगगाड्या, बाजार यांवर हल्ले केले, लहान मुलांच्या हातीं बंदुका दिल्या, आणि गांवेंच्या गांवें उजाड केलीं. हें सर्व खरें आहे. पण एवढेंच खरें नाहीं. नव्या सरकारनें शेतकऱ्यांस त्यांच्या विखुरलेल्या वस्त्यांतून उठवून सामुदायिक गांवांत आणून बसविलें, गांवच्या परंपरागत मुखियांचा अधिकार काढून घेतला, आणि पूर्वजांच्या पूजेस अडाणीपणा ठरविलें. क्रिस्त्यां जफ्रे या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञानें नांपुला प्रांतांत राहून असें दाखविलें कीं, परक्यांनीं पेटविलेल्या या आगीस देशांतल्याच असंतोषाचें सरपण मिळालें. सुमारें सोळा वर्षें चाललेल्या या युद्धांत लढाई, दुष्काळ व रोगराई मिळून अंदाजें दहा लाख माणसें मेलीं. पन्नास लाखांच्या आसपास लोक घरांदारांस मुकले. त्यांपैकीं पंधरा लाखांहून अधिक परदेशांत आश्रयास गेले. पहिले अध्यक्ष समोरा माशेल हे १९ ऑक्टोबर १९८६ रोजीं विमान कोसळून मरण पावले. त्याच विमानांत त्यांचे सल्लागार, गोमंतकांत जन्मलेले विद्वान आकीनु द ब्रागांसा, हेहि होते.

‘तेर्रा सोनांबुला’चें कथानक या होरपळीच्या मध्यभागीं सुरू होतें. तुआहीर नांवाचा म्हातारा आणि मुइदिंगा नांवाचा मुलगा निर्वासितांच्या छावणींतून निघून एका ओसाड रस्त्यानें चालले आहेत. मुलास आपला पूर्वायुष्याचा कांहींच पत्ता नाहीं. विषारी कंद खाऊन मरणाच्या दारीं पडला असतां म्हाताऱ्यानें त्याला वांचविलें, पुन्हां चालावयास शिकविलें, आणि नांवहि दिलें. रस्त्याच्या कडेस एक जळलेली मोटारगाडी उभी आहे. तिच्यांतील प्रेतें पुरून दोघे तेथेंच बिऱ्हाड करतात. गाडीजवळ पडलेल्या एका प्रेताच्या पेटींत कांहीं वह्या सांपडतात. त्या किंझू नांवाच्या तरुणाच्या आहेत. मुलास आढळून येतें कीं, आपल्याला वाचतां येतें. आणि मग रोज रात्रीं तो म्हाताऱ्यास त्या वह्या मोठ्यानें वाचून दाखवूं लागतो. ज्या पानांनीं चूल पेटवावयाची तींच पानें त्यांचें जगण्याचें साधन होतात. गाडी जागची हालत नाहीं, पण भोंवतालचा मुलूख दर सकाळीं बदललेला दिसतो, जणू माणसें वाचीत आहेत तोंवर भूमि झोपेंत चालत आहे.

किंझूच्या वह्यांत दुसरी कथा आहे. त्याच्या धाकट्या भावाचें नांवच मुळीं ‘पंचवीस जून’; देश स्वतंत्र झाला त्या दिवसाचें. युद्ध आल्यावर बाप या मुलास कोंबड्यांच्या खुराड्यांत ठेवतो, त्याला कोंबड्यासारखें आरवावयास शिकवितो, कां तर माणूस म्हणून राहिला तर तो मारला जाईल. पुढें एके दिवशीं तो मुलगा नाहींसाच होतो. स्वातंत्र्याची तारीख खुराड्यांत लपवावी लागावी, याहून त्या पिढीच्या आशाभंगाचें अधिक बोलकें चित्र आम्हांस आठवत नाहीं. किंझूचा मित्र सुरेंद्र वाला हा हिंदी दुकानदार आहे. गांवचे लोक त्याच्याशीं मैत्री केल्याबद्दल किंझूस दोष देतात. शेवटीं दुकान लुटलें व जाळलें जातें. सुरेंद्रास वाटतें कीं, आपला खरा देश म्हणजे किनारा नव्हे, समुद्र होय. गुजराथेंतून व कोंकणपट्टींतून जे लोक पिढ्यान्पिढ्या त्या किनाऱ्यावर गेले, त्यांचें तेथील असणें आणि नसणें एका दुकानाच्या राखेंत या लेखकानें दाखविलें आहे. आपल्या वाचकांनीं हीं प्रकरणें मुद्दाम वाचावींत, अशी आमची शिफारस आहे.

कादंबरीच्या शेवटीं किंझूस एक स्वप्न पडतें. त्यांत जळलेल्या गाडीजवळ वह्या हातीं घेतलेला एक मुलगा त्याला दिसतो, आणि तो त्याला ‘गास्पार’ अशी हांक मारतो. ज्या हरवलेल्या मुलाच्या शोधांत किंझू आयुष्यभर हिंडला तोच हा मुइदिंगा असावा, असें वाचकाच्या ध्यानीं येतें. म्हणजे मेलेल्या माणसाच्या वह्या वाचतां वाचतां जिवंत मुलास आपलें नांव सांपडतें. येथें कुतो यांचें प्रतिपादन स्पष्ट होतें: युद्धानें माणसाचें जें नेलें तें घर किंवा शेत एवढेंच नव्हे, त्याची स्वतःची गोष्ट नेली. ती गोष्ट परत मिळाल्याखेरीज शांतता म्हणजे केवळ बंदुकांचा विसांवा होय. एखाद्या मुत्सद्द्यानें शंभर पृष्ठांत जें सांगितलें असतें तें येथें एका हांकेंत आलें आहे.

आतां हें प्रतिपादन आणि त्या देशानें प्रत्यक्षांत धरलेला मार्ग यांची तुलना करून पाहावी. जुलै १९९० मध्यें रोम शहरांत वाटाघाटी सुरू झाल्या. मध्यस्थ कोणी बलाढ्य राष्ट्र नव्हतें. सांत एजिदिओ ही एक कॅथलिक धर्मसेवकांची मंडळी, बेइराचे आर्चबिशप जाइम गोन्साल्व्हिश आणि इटालियन सरकारचा एक प्रतिनिधि, असे ते होते. पहिल्याच भेटीच्या संयुक्त पत्रकांत उभय पक्षांनीं एकमेकांस देशबांधव व एकाच मोझांबिकी कुटुंबाचे घटक म्हणून मान्य केलें. वरवर पाहतां ही औपचारिक भाषा वाटेल. पण त्यापूर्वीं सरकारी वृत्तपत्रें रेनामोच्या लोकांस ‘सशस्त्र दरोडेखोर’ यावांचून दुसऱ्या नांवानें सहसा संबोधीत नसत, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या एका शब्दाची किंमत कळते. दरोडेखोराशीं तह होत नाहीं. त्याला शासन करावयाचें असतें. तह करावयाचा तर आधीं शब्द बदलावा लागतो. सत्तावीस महिन्यांच्या बोलण्यानंतर ४ ऑक्टोबर १९९२ रोजीं अध्यक्ष शिसानो व रेनामोचे पुढारी द्लाकामा यांनीं तहावर सह्या केल्या.

तहानंतर लगोलग सर्वसाधारण माफीचा कायदा झाला. कोणत्याहि बाजूच्या कृत्यांची चौकशी झाली नाहीं, कोणावर खटला भरला गेला नाहीं. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेंत चार वर्षांनीं सत्यशोधन व समेट आयोगासमोर माणसें उभीं राहून आपापलीं दुःखें व आपापलीं पापें सांगूं लागलीं. मोझांबिकनें तसला कांहींच प्रकार केला नाहीं. तेथील राज्यकर्त्यांचें म्हणणें असें कीं, खपली काढली तर जखम वाहूं लागेल. या मौनाची पाश्चात्त्य पंडितांनीं आरंभीं मोठी वाखाणणी केली, आणि पुढें कांहींनीं तितक्याच जोरानें निंदाहि केली.

परंतु राजधानींतील मौन म्हणजे गांवांतील मौन नव्हे, हें या दोन्ही मतांनीं दृष्टीआड केलें असें आम्हांस वाटतें. जे शिपाई व जीं मुलें परत आलीं त्यांना कित्येक गांवांतून थेट घरांत घेतलें गेलें नाहीं. वैदूनें त्यांना वनस्पतींच्या पाण्यानें स्नान घातलें, रानांतले कपडे जाळले, पूर्वजांपुढें त्यांच्या येण्याची वर्दी दिली, आणि मगच उंबरा ओलांडूं दिला. गोरोंगोझाच्या मुलुखांत असा समज रूढ झाला कीं, युद्धांत अन्यायानें मारल्या गेलेल्या शिपायांचे आत्मे जिवंत माणसांच्या अंगीं येतात व आपली दाद मागतात. तसा प्रकार झाला म्हणजे उपचाराच्या वेळीं दोन्ही घरचीं माणसें एकत्र बसत, मेलेल्याच्या तोंडून सर्व हकीकत बाहेर पडे, आणि कोणीं काय केलें याची कबुली होऊन भरपाई ठरे. ज्या गोष्टी जिवंत माणसांस बोलवत नव्हत्या त्या मेलेल्यांच्या तोंडीं घालून बोलल्या गेल्या. आमच्या सुशिक्षित वाचकांस हें भाबडेपणाचें वाटण्याचा संभव आहे. तथापि जेथें न्यायाधीश नाहीं, वकील नाहीं, आणि उद्यां सकाळीं त्याच पायवाटेनें शेतावर जावयाचें आहे, तेथें सत्य सांगण्याची आणि तें सांगूनहि एकत्र राहण्याची एवढी तरी सोय त्या लोकांनीं आपल्या अकलेनें केली होती, हें कबूल करावें लागतें. कुतो यांनीं वह्यांतून मेलेल्या किंझूस बोलतें केलें तें याच परंपरेंतून आलें आहे. त्यांच्या कल्पकतेचें मूळ परकीय कादंबरीकारांत शोधणाऱ्या टीकाकारांनीं हा मुद्दा ध्यानांत घ्यावा.

आतां दुसऱ्या कादंबरीकडे वळूं. तह पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं संयुक्त राष्ट्रसंघानें डिसेंबर १९९२ पासून दोन वर्षें मोझांबिकमध्यें आपलें दल ठेवलें होतें. त्यांत हिंदी पलटणींतील लोकहि होते. दोन्ही बाजूंच्या नव्वद हजारांच्या आसपास शिपायांची शस्त्रें ठेवून घेऊन त्यांना घरीं पाठविण्यांत आलें, आणि त्यांना दोन वर्षेंपर्यंत पगारादाखल रक्कम देण्याची व्यवस्था झाली. ऑक्टोबर १९९४ मध्यें निवडणूक होऊन २५० पैकीं १२९ जागा फ्रेलिमोस व ११२ रेनामोस मिळाल्या. ही कामगिरी लहान नव्हे. त्याच सुमारास अंगोलांत निवडणुकीपूर्वीं सैन्यें मोडलीं गेलीं नाहींत, आणि १९९२ सालीं निकाल लागतांच तेथें पुन्हां रणकंदन माजलें, हें पाहिलें म्हणजे मोझांबिकमधील या सावधगिरीचें मोल कळतें.

‘रोहित पक्ष्याचें अखेरचें उड्डाण’ या कादंबरींत हीच कामगिरी खालून, गांवकऱ्याच्या डोळ्यांनीं, पाहिली आहे. तिझांगारा नांवाच्या काल्पनिक गांवीं राष्ट्रसंघाचे शिपाई एकामागून एक स्फोट होऊन अक्षरशः नाहींसे होऊं लागतात. चौकशीसाठीं मासिमो रिझी नांवाचा इटालियन अधिकारी येतो, आणि गांवचा एक तरुण दुभाषा म्हणून त्याच्या दिमतीस दिला जातो. तोच कथेचा निवेदक. मौज अशी कीं, रिझीला भाषा येते. त्याला कळत नाहीं तें तेथील जग. प्रश्न विचारावा आणि उत्तरादाखल एखादी गोष्ट ऐकावी लागावी, मृत माणसांची साक्ष निघावी, अहवालांत लिहितां येईल असें कांहींच हातीं लागूं नये, अशी त्या बिचाऱ्याची फटफजिती होते. या विनोदाखालीं गंभीर अर्थ आहे. बाहेरून आलेल्या शांततेस हिशेब हवा असतो: किती बंदुका जमा झाल्या, किती मतें पडलीं, किती सुरुंग निघाले. गांवास जें सांगावयाचें असतें तें त्या रकान्यांत बसत नाहीं.

हळूहळू उलगडा होतो कीं, सुरुंग काढण्यासाठीं परदेशचा पैसा येतो, आणि तो येत राहावा म्हणून काढलेले सुरुंग पुन्हां पुरले जात आहेत. या व्यापाराच्या मुळाशीं गांवचा अंमलदार एश्तेव्हांव झोनाश हा आहे. पहिल्या कादंबरींतहि याच नांवाचा अंमलदार आहे, आणि तेथें तो मरूनहि परत आलेल्या एका गोऱ्या वसाहतवाल्याशीं भागीदारी ठरवितो. एकच नांव दोन्ही पुस्तकांत ठेवण्यांत लेखकाचा हेतु उघड आहे. युद्ध गेलें, शांतता आली, पाहुणे आले, ध्वज बदलले. खुर्चींत बसणारा मात्र तोच. एके काळीं जो क्रांतीचा सैनिक होता तोच आज देणगीच्या पैशावर लठ्ठ झाला आहे. कुतो स्वतः तरुणपणीं फ्रेलिमोच्या बाजूचे होते आणि स्वातंत्र्यानंतर सरकारी वृत्तसंस्थेचे संचालकहि होते. त्यामुळें या चित्रांत परक्याच्या कुचेष्टेपेक्षां घरच्या माणसाची व्यथा अधिक आहे.

येथवर आम्हीं स्तुति केली. आतां दोन आक्षेप नोंदविणें आमचें कर्तव्य आहे. पहिला आक्षेप दुसऱ्या कादंबरीच्या अखेरीवर आहे. शेवटीं सारा देशच एका अथांग दरींत गडप होतो, रिझी आपल्या अहवालाच्या कागदाचा पक्षी करून त्या दरींत सोडतो, आणि दोघे रोहित पक्ष्याची वाट पाहत बसतात. चित्र सुंदर आहे, यांत शंका नाहीं. पण ज्या हातांनीं गुडघ्यांवर बसून, एकेक वीत जमीन चांचपून, सुरुंग काढले, त्या हातांस या सौंदर्यांत जागा नाहीं. सप्टेंबर २०१५ मध्यें मोझांबिक ज्ञात भूसुरुंगांपासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. तें काम बहुतांशीं त्याच देशांतील स्त्रीपुरुषांनीं वीसांहून अधिक वर्षें खपून केलें. कादंबरी लिहिली गेली तेव्हां तें अपुरें होतें हें मान्य. तरीहि सुरुंग पुरणारा अंमलदार दिसावा आणि सुरुंग काढणारा मजूर दिसूं नये, हा उपरोधाचा अतिरेक होय. लबाडी दाखविणें सोपें असतें, कारण तींत नाट्य आहे. चिकाटींत नाट्य नाहीं, पण शांतता टिकते ती तिच्यावरच.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा असून तो पहिल्या कादंबरीवर आहे. तींत मारणारे येतात आणि जातात. त्यांच्या क्रूरतेचीं चिन्हें सर्वत्र दिसतात. पण त्यांच्यापैकीं एकाच्याहि मनांत ही कादंबरी शिरत नाहीं. मेलेले बोलतात, म्हातारे बोलतात, हिंदी दुकानदार बोलतो, भूत होऊन आलेला गोरा मालकहि बोलतो. बोलत नाहीं तो फक्त रानांत बंदूक घेऊन बसलेला शेतकऱ्याचा मुलगा. तो कां गेला? त्याला पळवून नेलें, कीं आपल्या आजोबांचें मुखियापण हिरावलें गेलें याच्या रागानें तो आपण होऊन गेला? आतां परत यावयाचें तर त्याची वाट कोण पाहत आहे? हे प्रश्न कादंबरींत विचारलेच जात नाहींत. युद्ध हें वादळासारखें किंवा दुष्काळासारखें वरून कोसळलें असा भास होतो. युद्ध चालू असतां लिहिणाऱ्या माणसास याबद्दल दोष देणें कदाचित् निष्ठुरपणाचें ठरेल. पण रोममध्यें ज्या वैऱ्यास देशबांधव म्हणून मान्य करण्यांत आलें, त्याला कादंबरींत मात्र चेहरा मिळाला नाहीं, ही उणीव आहे तशी सांगितली पाहिजे.

ही केवळ वाङ्मयीन उणीव असती तर आम्हीं तिचा एवढा विस्तार केला नसता. पुढील इतिहासानें तिला वेगळेंच वजन आणलें. तहानंतर वीस वर्षें लोटलीं. निवडणुका होत राहिल्या, परंतु सत्ता एकाच पक्षाच्या हातीं राहिली. ज्या प्रांतांत रेनामोस अधिक मतें पडलीं तेथेंहि राज्यपाल राजधानींतूनच नेमला जाई. ऑक्टोबर २०१३ मध्यें सैन्यानें द्लाकामा यांचा गोरोंगोझांतील तळ घेतला, आणि रेनामोनें १९९२ चा तह संपल्याचें जाहीर केलें. मध्यंतरीं २०१४ सालीं समेट झाला, पुन्हां मोडला. द्लाकामा २०१८ च्या मे महिन्यांत वारले. अखेर ६ ऑगस्ट २०१९ रोजीं नवा करार झाला, आणि रानांत उरलेल्या ५,२२१ लढवय्यांस घरीं पाठविण्याचें ठरलें. त्यांतील कित्येक जण पहिल्या युद्धांतलेच, आतां केस पिकलेले होते.

यावरून कांहीं टीकाकार असा निष्कर्ष काढतात कीं, भूतकाळ पुरून टाकल्यामुळें तो वर आला. आयोग नेमला असता तर हें झालें नसतें. आम्हांस तें पटत नाहीं. २०१३ सालीं जे रानांत होते त्यांची तक्रार पूर्वींच्या अत्याचारांची चौकशी झाली नाहीं अशी नव्हती. राज्यांत आपला वांटा नाहीं, सैन्यांत आपल्या माणसांना मान नाहीं, पेन्शन नाहीं, अशी होती. उलट पक्षीं, केवळ वांटा दिला कीं सर्व सुरळीत होतें, हें म्हणणेंहि अर्धेंच खरें आहे. २०१८ सालीं राज्यघटना दुरुस्त करून प्रांतांचे राज्यपाल निवडून देण्याची सोय झाली. पुढील वर्षींच्या निवडणुकींत सर्वच्या सर्व प्रांत सत्ताधारी पक्षाकडे गेले, आणि त्या निकालावर विरोधकांचा विश्वास बसला नाहीं. आमच्या मतें स्मृति आणि वांटा या दोन गोष्टी वेगळ्या काढतांच येत नाहींत. ज्याला आपण मनांतून अजून दरोडेखोरच समजतों त्याला वांटा देतांना हात आंखडतो, आणि ज्याला वांटा मिळत नाहीं तो आपल्याला दरोडेखोर समजलें जातें हें ओळखून असतो. रोमच्या पत्रकांतील शब्द कागदावर बदलला. तो मनांत बदलण्याचें काम शाळेचें, वृत्तपत्राचें आणि वाङ्मयाचें होतें, आणि तें अपुरें राहिलें.

या संदर्भांत कादंबरीहून निराळ्या एका कलाकृतीचा उल्लेख करावासा वाटतो. १९९५ सालीं मोझांबिकच्या ख्रिस्ती मंडळानें, बिशप दिनिश सेंगुलानी यांच्या पुढाकारानें, लपविलेलीं शस्त्रें आणून देणाऱ्यांस कुदळी, शिवणयंत्रें, सायकली असल्या वस्तु देण्याची योजना काढली. जमलेलीं शस्त्रें तोडून त्यांचे तुकडे कलावंतांस दिले जात. केस्टर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कलावंतानें २००१ सालीं त्या तुकड्यांची एक खुर्ची केली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे व ‘शस्त्रांचें सिंहासन’ म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यांतील एकहि बंदूक मोझांबिकमध्यें बनलेली नाहीं, सर्व परदेशांतून आलेल्या. कोणती बंदूक सरकारी शिपायाची आणि कोणती बंडखोराची, हें मात्र ती खुर्ची पाहून सांगतां येत नाहीं. दोन्हीकडचें लोखंड एकाच खुर्चीचा भार पेलीत आहे. कुतो यांच्या कादंबरींत जो चेहरा आम्हांस सांपडला नाहीं त्याची जागा या मुक्या खुर्चीनें निदान मोकळी ठेवली आहे.

तेवढ्यानें समाधान मानावें अशी स्थिति मात्र आज नाहीं. उत्तरेकडील काबु देल्गादु प्रांतांत ऑक्टोबर २०१७ पासून दुसरेंच बंड पेटलें, आणि त्यानें लाखों लोकांस पुन्हां निर्वासित केलें. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीनंतर रस्त्यांवर जो क्षोभ उसळला त्यांत नागरी संघटनांच्या मोजणीप्रमाणें तीनशेंहून अधिक माणसें मेलीं. उत्तरेच्या बंडखोरांनाहि आज नवीं नांवें दिलीं जात आहेत. त्यांतलीं कांहीं त्यांनीं आपल्या कृत्यांनीं कमावलींहि आहेत. पण कधीं ना कधीं त्यांतल्या कोणाशीं तरी बोलावें लागेल, आणि त्या वेळीं पुन्हां आधीं शब्दच शोधावा लागेल.

म्हणून या दोन कादंबऱ्या त्यांच्या उणिवांसह वाचाव्यात असें आम्ही सुचवितों. स्वतःची गोष्ट परत मिळाल्यावांचून माणूस घरीं येत नाहीं, हें पहिली शिकविते. परक्यानें आणलेल्या शांततेचा घरच्यांनींच कसा बाजार मांडला, हें दुसरी. शांततेची तिसरी कादंबरी मात्र अजून आमच्या वाचनांत आलेली नाहीं. तिचा नायक कोण असावा हें सांगण्याचें धाडस आम्ही करतों. १५ जून २०२३ रोजीं गोरोंगोझा जिल्ह्यांतील वुंदूझी येथील रेनामोचा अखेरचा तळ बंद झाला, आणि बंदूक ठेवून तेथली माणसें आपापल्या गांवीं निघालीं. त्यांच्यापैकीं एखादा संध्याकाळच्या वेळीं गांवच्या वेशीपाशीं पोंचला असेल. मुइदिंगाला ज्याप्रमाणें एका मेलेल्या माणसानें त्याच्या खऱ्या नांवानें हांक मारली, त्याप्रमाणें या म्हाताऱ्यास कोणीतरी जिवंत माणसानें हांक मारली असेल काय? मारली असेल, तर कोणत्या नांवानें? त्या कादंबरीचें पहिलें वाक्य तेथें सुरू व्हावें.